सॅम्पल आणलंय का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही टर्नरच्या दुकानात शिरा, तुमचं नाव-गाव विचारायच्या आधी तो एकच प्रश्न विचारेल, "सॅम्पल आणलंय का?" बुश हवाय, पिन हवीय की स्टड हवाय, ते नंतर. आधी जुना पार्ट फळीवर ठेवायचा. मिस्त्री तो उचलणार, अंगठ्याने फिरवून बघणार, व्हर्नियरच्या जबड्यात धरणार आणि "उद्या सांजच्याला या" म्हणणार. हा उद्या कुठल्या आठवड्यातला, हे विचारायची पद्धत नाही. पण सॅम्पल नसेल तर उद्याही नाही. तुम्ही कागदावर चित्र काढून न्या, हातवारे करा, गाडीच दारात आणून उभी करा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हा तिथला रोकडा नियम आहे.

या नियमात शहाणपण किती आणि फसगत किती, हे कळायला मात्र घरी लेथ बसवावा लागतो.

आता कोल्हापुरात राहून घरी लेथ बसवणं हा आगाऊपणा आहे, हे मला सांगायला बरेच जण येऊन गेले. शेतीच्या पंपांची आणि गुऱ्हाळांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता या गावाने ती बनवायलाच घेतली. त्यांच्यासाठी ओतकाम आलं, फाउंड्र्या आल्या, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती उभ्या राहिल्या. देशातल्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना लागणारे बिडाचे भाग इथल्या भट्ट्यांतून जातात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गवगव्यात बाहेरच्या लोकांच्या हे लक्षात येत नाही, पण या गावात लोखंड जाणणारा माणूस शोधावा लागत नाही. चहाच्या गाड्यावर शेजारी उभा असतो. अशा ठिकाणी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने मागच्या पडवीत लेथ मांडला म्हटल्यावर लोक हळहळणारच. "साहेब, पैसं वर आल्यात काय?" असं एकाने सरळ विचारलं.

पण ज्याच्या दारात जुनी येझ्दी उभी आहे, त्याला असल्या प्रश्नांची सवय असते.

येझ्दीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिशीच्या आतल्या वाचकांनी ती फक्त लग्नाच्या फोटोशूटमध्ये बघितलेली असते. मूळ गाडी चेक देशाची, जावा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून ती भारतात निघायला लागली. १९७३ पासून तिचं नाव येझ्दी झालं आणि १९९६ साली कारखान्याला टाळं लागलं. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि किकचा व गिअरचा दांडा एकच. गाडी सुरू झाली की तोच दांडा दाबून पुढे वळवायचा आणि त्याच्यावरच गिअर टाकायचे. हे नव्या पोरांना दाखवलं की ती मोबाइल काढतात. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, मागोमाग येझ्दीही आली. गाड्या देखण्या आहेत, पण माझ्या गाडीला त्यांच्यातला एकही पार्ट उपयोगी पडत नाही.

मग पार्ट आणायचे कुठून? एखाद्या जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर पिवळ्या पडलेल्या कागदात गुंडाळलेला ओरिजिनल पार्ट निघतो. त्याची किंमत दुकानदार तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो, म्हणून चेहरा पाडून जावं. नाहीतर डुप्लिकेट. डुप्लिकेट पार्टविषयी माझं एक मत आहे. तो कुणीतरी ओरिजिनलवरून बनवलेला नसतो. तो दुसऱ्या डुप्लिकेटवरून बनवलेला असतो आणि तो दुसराही वापरून झिजलेला असतो. तिसऱ्या पिढीपर्यंत बुशमध्ये पिन इतकी सैल बसते की नवा पार्ट बसवल्या दिवशीच गाडी जुन्यासारखी चालते. ग्राहकाला वाटतं, गाडीचा स्वभावच तसा.

एवढं सगळं झाल्यावर माणूस लेथच्या वाटेला जातो. माझा लेथ साडेचार फुटी, राजकोटकडचा, दुसऱ्या हातचा. लेथचं वजन मणात मोजावं असं असतं आणि पडवीचं दार घर बांधणाऱ्याने माणसांच्या मापाचं ठेवलेलं. चार हमालांनी तो पाइपांवरून घरंगळत आत आणला. मागचा पाइप सुटला की पुढे नेऊन घालायचा. तुळशीवृंदावनापाशी त्यांनी दम खाल्ला. बायकोने त्यांना चहा दिला आणि लेथकडे बघत म्हणाली, "अहो, हा परत जाताना याच वाटेने जाणार ना?"

घरात लेथ आला की पहिला बदल स्वयंपाकघरात होतो. पोलादाचे निळसर, कुरळे, लांबच लांब कीस निघतात ते परवडले; ते दिसतात तरी. गनमेटलचा मात्र बारीक सोनेरी चुरा उडतो. तो चपलेच्या तळव्यात रुतून पडवीतून मधल्या खोलीत, तिथून ओट्याशी पोचतो आणि अनवाणी माणसाला बरोबर शोधून काढतो. तेव्हापासून आमच्याकडे पडवीच्या चपला वेगळ्या आणि घरातल्या वेगळ्या. लेथचं स्वतःचंही एक सोवळं आहे. हातात अंगठी नको, घड्याळ नको, गळ्यात काही लोंबतं नको, लांब बाह्या नकोत आणि हातमोजे तर मुळीच नकोत. नवशिक्याला हातमोजे सुरक्षित वाटतात. धातूचा गज धरून फिरणाऱ्या चकने एकदा मोजा पकडला की हात सोडवून घ्यायला वेळ मिळत नाही. चक आवळायची चावी चकमध्येच ठेवून मोटर सुरू करणाऱ्याला टर्नर लोक ज्या शिव्या देतात, त्या इथे छापता येणार नाहीत, पण त्या योग्य आहेत.

हिशेबाचं विचाराल तर ते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यावर मी अधिक लिहीत नाही, कारण हा अंक घरातही वाचला जातो.

पहिलं मोठं काम निघालं ते चिमट्याचं. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला आमच्याकडे चिमटा म्हणतात. तो पुढच्या टोकाला एका पिनेवर वर-खाली हलतो आणि पिन व चिमटा यांच्यामध्ये बुश असतात. बुश झिजले की वळणावर गाडीचं मागचं अंग स्वतःचा वेगळा विचार करायला लागतं. रंकाळ्याच्या कडेने जाताना तो विचार फार स्पष्ट कळतो. मी चिमटा खोलला, बुश ठोकून बाहेर काढले, रॉकेलमध्ये धुतले आणि नियमाप्रमाणे सॅम्पल हातात धरून मोजायला बसलो.

आणि इथे त्या नियमाची गोम आहे. जुन्या बुशचं भोक गोल राहिलेलंच नव्हतं. उभं मोजलं तर एक माप, आडवं मोजलं तर दुसरं, बाहेरच्या तोंडाशी तिसरं. यातलं खरं कुठलं? उत्तर असं की कुठलंच नाही. सॅम्पल तुम्हाला तो पार्ट आज कसा आहे ते सांगतं. कारखान्यातून निघाला तेव्हा कसा होता, ते सांगत नाही. आणि तुम्हाला बनवायचा असतो तो तेव्हाचा.

उद्यमनगरात एक वयस्कर टर्नर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्याकडे ते बुश घेऊन गेलो. मामांनी व्हर्नियर उचललाच नाही. बुश उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "साहेब, ह्येच्यावरनं क्येलं तर झिजल्यालंच हुईल की. बुशाला काय इच्यारतायसा? पिनंला इच्यारा."

पिनेला विचारायचं म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. पिन लांब असते आणि बुश फक्त तिच्या दोन टोकांना असतात. टोकांशी ती घासून बारीक झालेली होती, नखाला पायरी लागत होती. पण मधल्या भागाला इतक्या वर्षांत कुणी शिवलेलंच नव्हतं. तिथे गंजाचा पातळ थर होता. तो बारीक पॉलिश पेपरने अलगद काढला, खाली कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या बारीक आडव्या रेघा तशाच होत्या. तिथे मायक्रोमीटर लावला. म्हैसूरच्या कुणा कामगाराने सोडलेलं माप, तंतोतंत. तेवढ्या एका मापावरून पिन, बुश आणि दोघांमधली ऑइलची जागा, असं सगळं मागे मागे जात उलगडता येतं.

नोकरीत मी उभा जन्म सह्या जुळवल्या. पेन्शनर खातेदाराची चेकवरची थरथरती सही आणि त्याने तीस वर्षांपूर्वी खातं उघडताना केलेली ऐटबाज नमुना सही शेजारी ठेवायची आणि हा तोच माणूस आहे का, ते ठरवायचं. पडवीतही तेच काम आहे, फक्त इथे नमुना सहीचं कार्ड हरवलेलं असतं. थरथरत्या सहीवरून ऐटबाज सही काढायची.

यात मदत होते ती एका गोष्टीची. ज्याने मूळ पार्टचं ड्रॉइंग काढलं तो माणूसच होता आणि माणसाला पूर्ण आकडे आवडतात. झिजलेली पिन २४.८ मिलिमीटर भरली तर ती मुळात २५ची असणार; २४.९३ची पिन काढायची बुद्धी कुणाला होत नाही. पण बुलेटवाले आले की हा आडाखा कोसळतो. आमच्या पेठेत बुलेट पुष्कळ, आणि माझ्याकडे लेथ आहे हे कळल्यापासून त्या सगळ्या माझ्याच दारावरून जातात. जुनी बुलेट जन्माने इंग्रज. १९५५ पासून ती मद्रासला बनायला लागली तरी मापं विलायतेचीच राहिली. १९५६ साली देशाने कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली, पुढच्या वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले, शेर-मण गेले. बुलेटचे आटे मात्र जागचे हलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण जुन्या बोल्टांबद्दल अक्षरशः खरी आहे. साडेनऊ मिलिमीटरचा स्टड बघून नवखा माणूस दहाचा झिजला असेल म्हणतो. तो असतो तीन सूत, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, आणि अजिबात झिजलेला नसतो.

आट्यांमध्ये तर आणखी गंमत. पाच षोडशांश इंचाचा बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. तो मिलिमीटरचा सोळावा भागच काय तो असतो. पण एकाचे आटे इंचाला इतके असे मोजलेले, दुसऱ्याचे सव्वा मिलिमीटरला एक. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने सगळ्या इंग्लंडचे आटे एका पद्धतीत बसवायचा प्रस्ताव मांडला आणि आट्याचा कोन ५५ अंश ठरवला. मेट्रिकवाल्यांचा कोन ६० अंश. त्यामुळे चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन आटे लाडाने आत जातो आणि मग अडतो. आपला गडी तिथे पान्याला पाइप लावून जोर करतो. बोल्ट बसतो खरा, पण त्याने आतले आटे खाऊन स्वतःचे पाडून घेतलेले असतात. नंतरच्या माणसाला जे भोक मिळतं ते ना इंग्रजी, ना मेट्रिक. ते त्या गड्याचं असतं. अशा भोकासाठी बोल्ट बनवणं हे माझ्या मते घरच्या वर्कशॉपमधलं सगळ्यात खासगी काम आहे. जगात तो बोल्ट दुसऱ्या कुठल्याही गाडीला लागत नाही.

मापाच्या वेडात मी एकटा नाही, याचा पुरावा म्हणून बायकोला मी कार्ल एडवर्ड योहान्सन यांची हकिगत सांगतो. स्वीडनच्या एस्किलस्तुना गावी रायफलीच्या कारखान्यात हे गृहस्थ काम करायचे. १८९६ साली जर्मनीच्या माउझर कारखान्याला भेट देऊन परत येताना आगगाडीत त्यांच्या मनात आलं, प्रत्येक मापाला वेगळं गेज कशाला? पोलादाचे अचूक ठोकळे असे करावेत की एकावर एक रचून हवं ते माप मिळेल. त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे २०,००० मापं तयार होतात. ठोकळे इतके गुळगुळीत की दोन घासून जोडले तर गोंदाशिवाय चिकटून राहतात. पुढे कारखान्यांच्या जगातलं सगळं मोजमाप या ठोकळ्यांवर उभं राहिलं. आणि हे पहिले ठोकळे त्यांनी घासले कुठे? घरी. बायकोच्या शिवणयंत्रात फेरफार करून त्याचं ग्राइंडिंग मशीन केलं. इथवर ऐकून आमच्या घरचं शिवणयंत्र माळ्यावर गेलं.

दुसरे साक्षीदार न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावचे बर्ट मन्रो. यांनी १९२० साली एक मोटारसायकल घेतली. तिचं नाव इंडियन स्काउट, पण कंपनी अमेरिकेची. नवी असताना ती जेमतेम ताशी ५५ मैल पळायची. मन्रोंनी आयुष्यभर तीच गाडी घरच्या शेडमध्ये सुधारली. पिस्टन स्वतः ओतले, बिडाच्या गॅस-पाइपातून सिलिंडर काढले, ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड घडवले. फुटलेले पार्ट त्यांनी टाकले नाहीत. वेगाच्या देवाला वाहिले म्हणून फळीवर ओळीने मांडले. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरात ती गाडी त्यांनी ताशी १८३ मैलांच्या वर नेली आणि हजार सीसीच्या आतल्या गटात विक्रम केला. त्यांच्यावर २००५ साली चित्रपट निघाला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. मला मात्र त्यांची वेगळीच एक गोष्ट मोलाची वाटते. मन्रो मायक्रोमीटरचं काम सायकलच्या जुन्या स्पोकपासून केलेल्या साधनावर भागवायचे. आणि २०१४ साली त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं की १९६७च्या अधिकृत नोंदीत सरासरी काढताना गणित चुकलं होतं. विक्रम दुरुस्त होऊन १८४.०८७ मैल झाला, म्हणजे ताशी २९६ किलोमीटर. स्पोकने मोजणाऱ्याचं माप बरोबर निघालं आणि कागद-पेन्सिलवाल्यांचं चुकलं. हे वाचल्यावर मामांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग? स्पोकात काय वाईट हाय?"

तर बुश. गनमेटलचा गज चकमध्ये धरून आधी तोंड सपाट केलं, मधून ड्रिल घातलं, मग बोरिंग टूलने भोक मोठं करत नेलं. या कामात कापायला वेळ लागत नाही, थांबायला लागतो. टूल चालतं तसा जॉब तापतो आणि तापलेला धातू फुगतो. गरम बुश मोजलात तर तो बरोबर भरतो आणि थंड झाला की लहान होतो. म्हणून शेवटच्या कटाच्या आधी चहा प्यावा; हा आळस नाही, शास्त्र आहे. मोजमापासाठी जगाने २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरवून दिलेलं आहे. कोल्हापुरात ते हिवाळ्यात पहाटे मिळतं आणि पहाटे पाचला लेथ सुरू केला तर शेजारी काय देतील ते वेगळं. शेवटचा कट फार बारीक ठेवूनही चालत नाही. दोन शतांश मिलिमीटर काढायचे म्हणून टूल लावलं तर ते कापत नाही, नुसतं घासतं. तुम्ही वैतागून किंचित पुढे सारलंत की एकदम पाच शतांश खातं. लोभ सुटावा इतपत धातू शेवटच्या कटाला शिल्लक ठेवावा लागतो.

आणि एवढं करून बुशचं भोक मुद्दाम लहान ठेवायचं. कारण बुश बाहेरून चिमट्याच्या नळीपेक्षा पाचेक शतांशांनी मोठा ठेवलेला असतो. तो आत घट्ट बसला की चहूबाजूंनी आवळला जातो आणि त्याचं भोक जवळजवळ तेवढंच आकसतं. जो माणूस टेबलावर पिन आणि बुश मापात जमवतो, त्याची पिन गाडीत जात नाही. म्हणून बुश बसवल्यावर रीमर फिरवून भोक जागच्या जागी मापात आणायचं. तो बसवतानाही हातोडा नाही. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन हळूहळू आत ओढायचा.

हे ओढणं सोपं जावं म्हणून बुश आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचे, चिमटा उन्हात. थंडीने बुश दोनेक शतांश आखडतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पाव भाग. पण तेवढ्यावर बुश अडायचा की सुरळीत जायचा ते ठरतं. दोन्ही बुश मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मटारच्या मागे ठेवले होते. सकाळी ते बाहेर काढून बायकोने ओट्यावर मांडलेले होते, खोलीच्या तापमानाला, पुसून. "ऑइलचा वास येतोय मटारला," एवढंच ती म्हणाली. ते दोन शतांश पुन्हा मिळवायला आणखी एक रात्र गेली, या वेळी डब्यात.

बुश बसले. गाडी रंकाळ्याच्या वळणावर सरळ निघाली. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि येऊही नये. बुश लक्षात येतो तो बिघडलेला.

आमचा पुतण्या पुण्याला मेकॅनिकल शिकतो. त्याचं म्हणणं, हे सगळं आता जुनं झालं, पार्ट थ्री-डी स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर घ्यायचा, आधी प्लॅस्टिकमध्ये छापून बघायचा. त्याने छापून दिलेला एक ब्रॅकेट मी ठोकून बघितला, उत्तम होता. पट्टी कुठे अडते, भोक कुठे चुकतं, ते धातू न नासता कळतं. ही सोय मन्रोंना असती तर त्यांची फळी अर्धी रिकामी राहिली असती. पण स्कॅनरलाही जे समोर आहे तेच दिसतं. तोही झीज मन लावून टिपतो, हजारो बिंदूंनी टिपतो. पिनेला विचारायचं त्याला सुचत नाही. पुतण्याला हे पटलं नाही. सुट्टीत येईल तेव्हा त्याला मामांकडे नेणार आहे.

कस्टम पार्ट म्हटलं की हल्ली लोकांना आठवतो तो सायलेन्सर. माझ्याकडेही दोन पोरं आली होती, "काका, जरा आवाज मोकळा करून द्या की." त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या येतच असतात. त्याचं मला दुःख नाही. ज्या पार्टचा उपयोग फक्त दुसऱ्यांना जागं करण्यापुरता आहे, त्याला मी पार्ट मानत नाही. तसंच ब्रेकचं काही आणि चाकाचा ॲक्सल हेही मी घरी करत नाही. भंगारातून आणलेला गज कुठल्या पोलादाचा आहे ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं, आणि जिथे जीव टांगलेला आहे तिथे अंदाज नको. बुश झिजला तर गाडी डोलते, ॲक्सल तुटला तर डोलायलाही उरत नाही.

बाकी गल्लीला मी नाही म्हणत नाही. मिक्सरचं कपलिंग, पिठाच्या गिरणीची पिन, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, देवळातल्या घंटेची कडी, सगळं पडवीत येतं. येतं म्हणजे पार्ट येत नाही, माणूस येतो. पार्ट मोडला तेव्हाच टाकून दिलेला असतो. माणूस बोटं फाकवून दाखवतो, "एवढा होता, असा, आणि इथं जरा निमुळता." मी त्याच्या बोटांकडे बघतो आणि माझ्या तोंडून उद्यमनगरातलाच प्रश्न बाहेर पडतो.

सध्या मात्र माझंच घोडं अडलेलं आहे. माझ्या गाडीचा स्पीडोमीटर हेडलॅम्पच्या डोक्यावर बसतो आणि त्याला आतून एक पत्र्याची वाकवलेली पट्टी धरून ठेवते. आधीच्या मालकाकडे ती पट्टी कधी पडली कोण जाणे. त्याने स्पीडोमीटर सायकलच्या ट्यूबने आवळून बसवला होता. पट्टीच नाही म्हटल्यावर झिजलेलं सॅम्पलही नाही आणि विचारायला पिनही नाही. खड्डा लागला की काटा साठवर उडी मारतो, गाडी वीसवर असताना.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत जुन्या येझ्दीचा किंवा जावाचा हेडलॅम्प पडलेला असेल आणि आत ती पट्टी असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. मला ती विकतही नको आणि ठेवूनही घ्यायची नाही. अर्धा तास हातात द्या, मापं घेतो आणि लगेच परत करतो. गंज पुसू नका, तो मी पुसेन.